यादीतलं शेवटचं नाव

ऑपरेशनची यादी मी खालून वर वाचते. पहिल्या नावाचं काय होणार हे बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. तो रुग्ण सकाळी टेबलावर जातो आणि दुपारपर्यंत वॉर्डात परत येतो. शस्त्रक्रियागृहाचा कारभार खरा कसा चालतो, हे शेवटच्या नावावरून कळतं. त्या माणसानं मध्यरात्रीपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. सकाळी सहाला अंघोळ करून, गाऊन घालून तो खाटेवर बसलेला असतो. सोबत आलेल्या मुलाची किंवा सुनेची मजुरी बुडालेली असते. मग दुपारी चारच्या सुमाराला सिस्टर येऊन सांगतात, ‘आज नाही होणार, जेवून घ्या.’ भूलतज्ज्ञ म्हणून मी ज्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत उमेदीची वर्षं काढली, तिथं हे वाक्य इतकं नेहमीचं होतं की त्याची नोंदही कुठं होत नसे. केस पुढं ढकलली, एवढंच. किती वेळा ढकलली आणि कशामुळे, हे कुणी लिहीत नव्हतं.

ज्या पुस्तकासाठी ही प्रस्तावना लिहिते आहे, ते या न लिहिलेल्या गोष्टीबद्दल आहे. शस्त्रक्रियेचं वेळापत्रक हा कारकुनी विषय आहे असं आपण धरून चालतो. वैद्यकीय महाविद्यालयात तो कुणी शिकवत नाही. यादी कशी लावायची हे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडून शिकतो आणि त्या दुसऱ्यानं ते तिसऱ्याकडून उचललेलं असतं. तरीही कुणावर वेळेत शस्त्रक्रिया होणार आणि कुणाला उपाशी परत जावं लागणार, याचा निर्णय त्या एका कागदावर होत असतो.

विलंबाचं कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: माणसं कमी, टेबलं कमी, पैसा कमी. हे उत्तर खोटं नाही. ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगानं २०१५ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवरची शस्त्रक्रिया उपलब्ध नाही, आणि ही तूट भरून काढायची तर दरवर्षी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया जादा व्हायला हव्यात. या तुटीतला मोठा वाटा आपल्यासारख्या देशांचा आहे. पण टंचाई मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. जी टेबलं आहेत, जे सर्जन आणि ज्या सिस्टर हजर आहेत, त्यांचा दिवस जातो कुठं? माझं ठाम मत आहे की रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या प्रतीक्षेचा बराच भाग टंचाईनं नव्हे, यादी लिहिण्याच्या पद्धतीनं तयार होतो. तो भाग आपल्या हातातला आहे, म्हणूनच तो सोसणं मला जड जातं.

यादी बनते कशी ते पाहू. युनिटचा ओटीचा, म्हणजे शस्त्रक्रियागृहाचा, दिवस ठरलेला असतो. आदल्या दिवशी दुपारी रेसिडेंट वॉर्डातल्या केस पोस्ट करतो, नावांपुढे ऑपरेशन लिहितो आणि कागद ओटी सिस्टरकडे देतो. सात-आठ नावं असतात. सगळी होतील का, असं कुणी विचारत नाही, कारण एखादं नाव कमी लिहिलं आणि टेबल दोन वाजता मोकळं झालं तर बोलणी खावी लागतात. जास्त लिहिलं आणि दोन रुग्ण परत गेले तर कुणीच काही बोलत नाही. यादी नेहमी फुगते त्यामागे हेच एक कारण आहे. एका चुकीची शिक्षा रेसिडेंटला होते, दुसरीची रुग्णाला.

त्यात वेळेचा अंदाज. हर्नियाला किती लागेल, असं विचारलं तर सर्जन म्हणतात, पाऊण तास. हा पाऊण तास पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचा असतो. रुग्णाला आत घेणं, स्पाइनल देणं, ती चढायची वाट पाहणं, कॅथेटर, रंगवणं, कपडे लावणं, शेवटी ड्रेसिंग, रिकव्हरीत नेणं, फरशी पुसणं, पुढची ट्रॉली मांडणं या कशाचाच त्यात हिशेब नसतो. सगळं धरलं तर तोच पाऊण तास दीड तासाचा होतो. सर्जन खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी काम तेवढंच असतं, बाकीचं काम इतरांचं असतं आणि ते त्यांना दिसत नाही.

अंदाजातली दुसरी गोची अधिक खोल आहे. ऑपरेशनचा वेळ सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरत नाही. तासाभराचं ऑपरेशन फार तर पंधरा मिनिटं लवकर संपेल. पण पोट उघडल्यावर आतडी चिकटलेली निघाली तर त्याचे तीन तास होतात. म्हणजे लवकर संपलेल्या केसमधून थोडंच वाचतं आणि लांबलेली केस सगळा दिवस खाऊन टाकते. म्हणून ज्या केसचा वेळ बेभरवशाचा, ती सकाळी पहिली घेतली की तिचा उशीर मागच्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसतो. छोट्या, ठरल्या वेळेत संपणाऱ्या केस आधी आणि अवघड केस नंतर असा क्रम लावला तर एकूण प्रतीक्षा कमी होते, हे रांगांच्या गणितातून आणि प्रत्यक्ष अभ्यासांतूनही दिसलं आहे. आपल्याकडे मात्र ‘मोठी केस सकाळी ताज्या डोक्यानं’ ही रीत आहे. तिच्यामागचा विचार मला समजतो. कर्करोगाची लांब शस्त्रक्रिया दुपारी चारला सुरू करा असं मी कधी म्हणणार नाही. तिला स्वतंत्र दिवस किंवा स्वतंत्र टेबल द्या, एवढंच म्हणते.

क्रम लावण्याचे काही नियम वैद्यकीय आहेत आणि ते पाळायलाच हवेत. लहान मुलं आधी, मधुमेही आधी, पू झालेली केस शेवटी. पण यादीच्या तळाशी आणखी एक माणूस हमखास सापडतो: ज्याचा एचआयव्हीचा किंवा हिपॅटायटिसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे तो. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजूनच काळजी घ्यायची, हे तत्त्व अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं १९८७ साली मांडलं आणि जगभर स्वीकारलं गेलं. ते तत्त्व पाळलं तर त्या माणसाला शेवटी ठेवण्याचं काही कारण उरत नाही. आपला २०१७ चा एचआयव्ही कायदाही आरोग्यसेवेत भेदभाव करू देत नाही. तरी तो शेवटी जातो. आणि शेवटची नावंच रद्द होतात, त्यामुळे तोच माणूस पुन्हा पुन्हा रद्द होतो. त्याला कुणी नकार दिलेला नसतो, फक्त त्याची वेळ कधीच येत नाही. हा अन्याय यादीच्या आडोशानं होतो, आणि याबद्दल मला मनापासून चीड आहे.

आता उपासाबद्दल. या विषयावर मी जरा थांबणार आहे, कारण भूलतज्ज्ञांच्या जबाबदारीचा तो भाग आहे. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. हलक्या आहारानंतर सहा तास आणि पाणी, दूध न घातलेला चहा, गाळलेला रस अशा पातळ पदार्थांनंतर दोन तास थांबलं तरी नियोजित शस्त्रक्रियेसाठी पुरतं. युरोपीय संघटनेनं तर २०२२ साली मुलांसाठी पाण्याची मर्यादा एका तासावर आणली. मग आपल्या वॉर्डात अजूनही सगळ्यांना ‘रात्री बारानंतर काही नाही’ असं का सांगितलं जातं? अज्ञानापोटी नाही. प्रत्येक भूलतज्ज्ञाला दोन तासांचा नियम माहीत आहे. पण आपला नंबर कधी लागेल हे रुग्णाला सांगता येत नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. तिसरी केस रद्द झाली तर पाचवी अचानक अकरालाच बोलावली जाईल, मग तिनं दहाला पाणी प्यायलेलं चालणार नाही. म्हणून सगळ्यांनाच उपाशी ठेवायचं. यादीवर भरवसा नाही, त्याची भरपाई रुग्णाच्या पोटातून केली जाते. शेवटचं नाव दुपारी तीनला आत आलं तर पंधरा तासांचा निर्जळी उपास झालेला असतो. एप्रिल-मे महिन्यात, पंख्याखाली, सत्तरीच्या माणसाला. त्याची शीर सापडत नाही, भूल दिल्यावर रक्तदाब खाली येतो, आणि मग तो स्थिर करण्यात आणखी वेळ जातो. वॉर्डात फोन करून ‘चौथ्या केसला आता पाणी द्या’ असं सांगणारं एक माणूस नेमलं, तरी यातलं बरंच टळेल. त्याला पैसा लागत नाही.

सकाळच्या उशिराची कारणं पुस्तकात तपशीलवार आली आहेत, मी त्यांवरून झपाट्यानं जाते. संमतिपत्रावर सही नाही. रक्तपेढीत नमुना गेला, पण क्रॉसमॅच झालेलं नाही. हृदयविकारतज्ज्ञाचा फिटनेसचा शेरा राहिला. महात्मा फुले योजनेची मंजुरी आलेली नाही, किंवा मंजुरी आली पण इंप्लांट पोचलं नाही. ट्रॉली आहे, पण ढकलायला मामा एकच आणि लिफ्टही एकच. यातलं एकही कारण त्या सकाळी जन्माला आलेलं नसतं. आदल्या संध्याकाळी ती सगळी दिसू शकतात, कुणी पाहिली तर. निर्जंतुकीकरणाची अडचण मात्र वेगळी आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे दोनच संच असतील आणि यादीत तशा चार केस असतील, तर तिसऱ्या केसला सर्जन नव्हे, ऑटोक्लेव्ह उशीर करतो. १२१ अंशांवर वाफेत धरून ठेवण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांचीच असली, तरी धुणं, बांधणं, तापणं, वाळणं आणि निवणं धरून संच परत हातात यायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. यादी लावणाऱ्यानं टेबलं मोजलेली असतात, संच मोजलेले नसतात.

या सगळ्यावर इमर्जन्सी येते, आणि मग यादी कोसळण्याचं खापर तिच्यावर फोडलं जातं. ‘सिझर आलं, काय करणार?’ हे इतकं पटण्यासारखं वाटतं की पुढं कुणी विचारत नाही. पण इमर्जन्सी खरंच अनपेक्षित असते का? कोणता रुग्ण येईल ते सांगता येत नाही, किती येतील ते बऱ्यापैकी सांगता येतं. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या गणितज्ञानं १९०९ साली टेलिफोनच्या कॉलबद्दल हेच दाखवलं होतं. कॉल स्वतंत्रपणे, कुणी न ठरवता येतात, म्हणूनच त्यांच्या संख्येला शिस्त असते. एखाद्या रुग्णालयात दिवसाला सरासरी चार तातडीच्या शस्त्रक्रिया होत असतील, तर याच गणितानं शंभरांतल्या जेमतेम दोन दिवशी एकही केस येणार नाही, आणि आठ किंवा त्याहून जास्त केस शंभरांतल्या पाचेक दिवशी येतील. जिच्यावाचून दिवस जातच नाही, त्या गोष्टीसाठी यादीत जागा न ठेवणं आणि ती आल्यावर धक्का बसल्यासारखं वागणं, हे दोन्ही दररोज घडतं.

याची दुसरी बाजू मला अधिक विचार करायला लावते. सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेले यूजीन लिटवाक हे कार्यसंशोधनाचे अभ्यासक. रुग्णालयांचे आकडे तपासताना त्यांना दिसलं की तातडीच्या रुग्णांची संख्या जेवढी वरखाली होते, तेवढीच किंवा त्याहून जास्त ती नियोजित रुग्णांची होते. ज्यांच्या तारखा आपणच देतो, त्यांची. आपल्याकडे हे ताडून पाहायला गणित लागत नाही. पितृपक्षात नियोजित ऑपरेशन करून घ्यायला घरचे तयार नसतात, दिवाळीच्या आठवड्यात वॉर्ड ओस पडतो, मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या टॉन्सिल आणि हर्नियाची रीघ लागते, पेरणी उरकेपर्यंत शेतकरी दुखणं अंगावर काढतो. त्यात युनिटांचे ठरलेले दिवस, म्हणजे मंगळवारी अतिदक्षता विभागात खाट नाही आणि शनिवारी तीन रिकाम्या. अपेंडिक्सला मात्र कुठलाच महिना वर्ज्य नसतो. चढउतार आपण तयार करतो आणि दोष इमर्जन्सीला देतो.

लिटवाक यांच्या विचारातून जे प्रयोग झाले, त्यांतला मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमधल्या सेंट जॉन्स रुग्णालयाचा प्रयोग पुस्तकात विस्तारानं आला आहे. तिथं ३२ शस्त्रक्रियागृहं होती, सगळी भरलेली. तातडीच्या केस आल्या की ठरलेल्या केस सरकायच्या, सर्जन रात्री उशिरापर्यंत उभे असायचे. सल्ला मिळाला तो असा: एक शस्त्रक्रियागृह रिकामं ठेवा, त्यात फक्त अनियोजित केस घ्या. जागा आधीच पुरत नसताना त्यातली एक काढून घ्यायची म्हटल्यावर सर्जनांनी विरोध केला. प्रयोग झाल्यावर दुपारी तीननंतर होणाऱ्या शस्त्रक्रिया ४५ टक्क्यांनी घटल्या, आणि एकूण शस्त्रक्रिया मात्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्या. लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात तिन्ही लेन गाड्यांनी भरल्या की कुणाचीच गाडी हलत नाही, आणि रुग्णवाहिकाही त्यातच अडकते. टेबलांचंही तसंच आहे. सगळ्यात साध्या गणिती प्रतिमानात, जिथं टेबल एक आणि केस केव्हाही येणाऱ्या, टेबल ८० टक्के वेळ भरलेलं असेल तर सरासरी प्रतीक्षा एका केसच्या वेळेच्या चौपट असते. ९० टक्क्यांवर ती नऊपट होते, ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. प्रत्यक्ष ओटी या प्रतिमानाइतकी सोपी नसते, पण वक्र असाच वर जातो. शंभर टक्के वापराचा आग्रह धरणारा प्रशासक नकळत अमर्याद प्रतीक्षेचा आग्रह धरत असतो.

इंग्लंडमध्ये हा धडा वेगळ्या वाटेनं आला. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत झालेल्या मृत्यूंची गोपनीय चौकशी तिथं सुरू झाली आणि तिचा पहिला अहवाल १९८७ साली आला. रात्री-अपरात्री, वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय कनिष्ठ डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रिया हे त्यातलं एक ठळक दुखणं होतं. तातडीच्या केससाठी दिवसा चालणारं वेगळं शस्त्रक्रियागृह हवं, ही मागणी त्या मालिकेतल्या अहवालांमुळे रुजली. तिथं काम केलेला कुठलाही मराठी डॉक्टर आजही ‘सेपॉड लिस्ट’ म्हणतो, ते त्या चौकशीच्या नावावरूनच. निकड ठरवण्याच्या चार पायऱ्याही तिथंच पक्क्या झाल्या: काही मिनिटांत, काही तासांत, काही दिवसांत, आणि सोयीनं. आपल्याकडच्या ‘इमर्जन्सी’ या एका शब्दात पहिल्या तिन्ही कोंबलेल्या असतात. त्यामुळे फाटलेलं गर्भाशय आणि मोडलेलं मनगट एकाच रांगेत येतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर आधी लागतो. प्रत्येक घाई जीव वाचवतेच असंही नाही. खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरवर सुमारे सहा तासांत आणि सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया करून तुलना करणारी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. भारतातली रुग्णालयंही तिच्यात होती. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं आणि ते लवकर घरी गेले. कुठं धावायचं आणि कुठं थांबता येतं, हे ठरवायला असं ज्ञान लागतं.

‘आमच्याकडे एकच ओटी, तीही आठवड्यातून तीन दिवस भूलतज्ज्ञ असताना चालणारी, त्यात टेबल रिकामं कसं ठेवायचं?’ उपजिल्हा रुग्णालयातले मित्र हा प्रश्न विचारतील. प्रश्न रास्त आहे. तिथं खोली नाही, तास राखून ठेवायचे. यादी दुपारी एकपर्यंतचीच लिहायची आणि उरलेला वेळ सिझरसाठी धरायचा. सिझर आलं नाही तर जवळ राहणाऱ्या, आधीच तयार ठेवलेल्या एखाद्या छोट्या केसला बोलवायचं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण इथं हमखास दिलं जातं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेत एका सर्जनला दोन टेबलं असतात. एकावर मोतीबिंदू काढून होईपर्यंत दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो, आणि ही तयारी खेड्यांतून निवडून प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात. मला या कामाबद्दल अपार आदर आहे. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोटी असते आणि तिच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. पोटाच्या किंवा अपघाताच्या शस्त्रक्रियांना तो वेग लावायला गेलं तर माणसं दगावतील. अरविंदकडून वेग घेऊ नये. सर्जनचा वेळ कुणाच्या कामामुळे वाचतो, याचा शोध मात्र जरूर घ्यावा.

कोविडच्या पहिल्या लाटेत, बारा आठवड्यांच्या ऐन गर्दीत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज एका आंतरराष्ट्रीय गटानं २०२० साली मांडला. त्या आकड्यानं सगळे हादरले. रोज एकेक करून परत जाणाऱ्यांची बेरीज मात्र सहसा कुणी मांडत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेत निदान एक वचन आहे: वैद्यकीय नसलेल्या कारणानं ऐन वेळी शस्त्रक्रिया रद्द झाली, तर २८ दिवसांच्या आत नवी तारीख द्यायची, नाही तर रुग्णाच्या पसंतीच्या रुग्णालयात तिचा खर्च सोसायचा. ते नेहमी पाळलं जातं असं नाही. पण ते असल्यामुळे रद्द झालेल्या केस मोजाव्या लागतात.

पुस्तकाचा वाचक मी ओटी सिस्टर, भूलतज्ज्ञ, रेसिडेंट आणि वैद्यकीय अधीक्षक असा धरला आहे. नातेवाइकांनी वाचलं तर अधिकच चांगलं; आपल्या माणसाला किती वाजेपर्यंत पाणी देता येईल हे विचारायचा त्यांना हक्क आहे. गणिताची प्रकरणं सोडून वाचली तरी चालतील, पण रद्द केसच्या नोंदवहीचं प्रकरण सोडू नये. तिथं पाचच रकाने आहेत: रुग्णाचा नोंदणी क्रमांक, यादीतलं स्थान, उपास कधीपासून, रद्द होण्याचं कारण, आणि हीच केस याआधी किती वेळा रद्द झाली. ही वही ओटीच्या दारापाशी ठेवायची, रद्द करणाऱ्यानं स्वतः भरायची, आणि दर सोमवारी अधीक्षकांनी शेवटचा रकाना आधी वाचायचा.